उशिराचे ठोके

धोपाव्यात नवरा घरी असलेली बाई ओळखायची एक सोपी खूण होती. तिच्या मनगटावर ठोका नसे. बाकी सगळ्या जणी ठोका बांधून वावरत. बाजारात, फेरीबोटीच्या धक्क्यावर, जिथे चार बायका जमत तिथे एखादी बोलता बोलता गप्प व्हायची, डाव्या मनगटाकडे बघायची आणि स्वतःशीच म्हणायची, "उठले वाटतं." तेव्हा तिचा नवरा पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी, एखाद्या जहाजाच्या पोटात, झोपेतून उठून पाय खाली सोडत असायचा.

खाडीकाठच्या या गावात दर दोन घरांआड एक पुरुष बोटीवर. ठोका बनवणाऱ्या कंपनीने त्या वस्तूला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, ते गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. दोन पट्ट्यांची जोडी. एक याच्या मनगटाला, एक तिच्या. याची नाडी तिच्या मनगटावर हलक्या टिचक्यांनी वाजायची, तिची याच्या. समुद्रावरून बोलायला जहाजाची परवानगी आठवड्यातून दोनदा, तीही दोन-तीन मिनिटांपुरतीच मिळे. नाडी म्हणजे चिमूटभर माहिती, ती उपग्रहावरून अखंड येत-जात राही. त्यामुळे नवरा काय करतोय हे बायकोला कळत नसे, पण त्याला धाप लागलीय की तो गाढ झोपलाय हे नेमकं कळे. काही संसारांना तेवढी माहिती पुरते.

नूतन मयेकरचा संसार असाच चालला होता. नवरा भार्गव मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली एकत्र काढलेली मोजायला घेतली तर हाताची बोटं पुरून उरली असती. मूलबाळ नव्हतं. नूतन घराच्या उतारावर कलमांची रोपवाटिका चालवायची, आणि बुधवार-रविवारची वाट बघायची. त्या दोन संध्याकाळी भार्गवचा फोन यायचा. तो वाजायच्या आधीच तिच्या छातीत धांदल उडालेली असे, आणि ती धांदल तिकडे त्याच्या मनगटावर पोचलेली असे. त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"काय गो, धावत आलीस?"

"जिना चढले," नूतन म्हणायची.

त्यांच्या घराला जिना नव्हता.

पन्नाशी झाली की बोट सोडायची, असं भार्गवने कबूल केलं होतं. पलीकडे दाभोळला इंजिनदुरुस्तीचा एक नवा कारखाना निघाला होता, तिथे शब्दही टाकून ठेवला होता. मग रोज सकाळी फेरीबोटीने जायचं आणि संध्याकाळी जेवायला घरी. नूतनला या 'संध्याकाळी जेवायला घरी'चं इतकं अप्रूप होतं की आपण त्याला पहिल्या दिवशी काय वाढू याचा बेत तिने कितीदा तरी केला आणि कितीदा तरी बदलला.

आणि पन्नाशीला सहा-आठ महिने उरले असताना तिचं हृदय बिघडलं.

कोय कलमं बांधायचं काम चालू होतं. छातीत जळजळल्यासारखं झालं म्हणून ती आमसुलाचं पाणी प्यायली आणि पुन्हा कामाला बसली. पित्तच ते, दुसरं काय असणार. पण ब्राझीलच्या किनाऱ्यावर इंजिनरूममध्ये उभ्या असलेल्या भार्गवच्या मनगटावर टिचक्या अडखळायला लागल्या होत्या. दोन भरभर, मग एक गायब, मग चार एकमेकींवर आदळत. त्याने हातातलं काम टाकलं, कप्तानाकडून संकटकाळी वापरायची लाइन मागून घेतली आणि रोपवाटिकेत काम करणाऱ्या सुगंधाला फोन लावला. वयनीला आडवं कर आणि गाडी बोलव, एवढंच तो बोलला. सुगंधा खाली धावली तेव्हा नूतन मातीच्या पोत्याला टेकून बसली होती आणि मला काही झालेलं नाही असं सांगत होती. अर्धा तास आणखी गेला असता तर ती हे सांगायला उरली नसती, असं पुढे डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून भार्गवचा त्या पट्ट्यावर जेवढा विश्वास बसला तेवढा कुठल्या माणसावरही बसला नसेल.

जीव वाचला, पण हृदयाचा मोठा तुकडा गेला. रत्नागिरीजवळच्या हृदयसंशोधन केंद्रात डॉक्टर गझाला पारकर यांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. बाई मूळच्या दाभोळच्याच, बोलायला मोकळ्या. सोलवटलेली कातडी भरून येते, मोडलेलं हाड जुळतं. हृदयाच्या स्नायूचं तसं नाही. त्याच्या पेशी माणूस जन्माला आला की थोड्याच काळात नव्या पेशी घडवणं जवळजवळ थांबवतात आणि उरलेलं आयुष्य नुसत्या राबतात. झटक्यात ज्या मेल्या त्या मेल्या. त्या जागी वण धरतो. वण काही धडधडत नाही. उरलेल्या हृदयाला त्याचंही काम ओढावं लागतं आणि ते वर्षागणिक थकत जातं. आजवर अशा माणसाला गोळ्या देऊन जपण्यापलीकडे फारसं करता येत नव्हतं. आता येत होतं. नूतनच्या दंडातलं थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना मागे, गर्भातल्या वयाला न्यायचं, जेव्हा आपण कोण व्हायचं हे पेशीने ठरवलेलं नसतं, आणि मग त्यांना हृदयाचा स्नायू व्हायला शिकवायचं.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी तिला काचेची बशी दाखवली. गुलाबी द्रवात विड्याच्या पानाएवढा एक पातळ पापुद्रा होता आणि तो आपला आपण आकसत होता, सुटत होता. नूतन बराच वेळ बघत राहिली. आपल्याच शरीरातलं काहीतरी आपल्या बाहेर, आपल्याला न विचारता धडधडतंय हे बघून तिला रडू आलं, आणि का आलं ते सांगता येईना.

"म्हणजे कलमच की हे," ती शेवटी म्हणाली. "खुंट जुना, काडी नवी."

"कलम बांधल्यावर तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सावलीत ठेवतो. वारं लागू देत नाही."

तेच करायचं होतं, आणि ते करायची रीत जरा कठोर होती. मेंदूकडून हृदयाकडे नसा येतात. भय वाटलं, आनंद झाला, राग आला की त्या नसा क्षणात हृदयाला पळवतात, आणि झालं गेलं की लगाम ओढून शांत करतात. कोवळ्या स्नायूला असे हिसके सोसत नाहीत. एखाद्या हिसक्याने नवा तुकडा स्वतःच्याच तालाने धडधडू लागला तर जुन्याशी त्याचा मेळ तुटतो आणि माणूस उभ्या जागी जातो. म्हणून पापुद्रा वणावर बसवतानाच या नसा तोडून टाकायच्या. नसांवाचून हृदय थांबत नाही, कारण ठोका त्याच्या आतच उपजतो. ते नव्वदच्या आसपास एकसुरी चालत राहतं. नसा पुन्हा वाढतात का, असं नूतनने विचारलं. काहींच्या वर्षा-दोन वर्षांनी वाढतात, डॉक्टर म्हणाल्या, काहींच्या कधीच नाही. मग पथ्य सांगितलं. धावायचं नाही, एकदम चढ चढायचा नाही, आधी हळूहळू चालायचं म्हणजे हृदय मागून वेग घेतं. नूतनने मान डोलावली. तिला वाटलं हे सगळं पायांबद्दल चाललंय.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. भार्गव तेव्हा भर समुद्रात होता; नसांचं तिने त्याला सांगितलं नाही, तिच्या लेखी ते नुसतं पायांचं पथ्य होतं. दोन-तीन महिन्यांत ती उतारावरून सावकाश फिरायला लागली, ओठांचा निळसरपणा गेला, सुगंधावर पहिल्यासारखं ओरडायलाही लागली. घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन वाजला. नूतनचं मन दाराबाहेर धावलं, अंगणभर नाचलं. छातीत काही म्हणता काही झालं नाही. आपण इतक्या आनंदात असूनही आत इतकं शांत कसं, याचं तिलाच नवल वाटलं.

"काय गो, धावत..." पलीकडून भार्गव म्हणाला आणि थांबला. मग त्याने औषधं घेतेस ना, असं विचारलं.

फोन ठेवून ती भाकऱ्या थापायला बसली आणि पहिली भाकरी तव्यावर टाकताना एकाएकी हृदय पळायला लागलं. काही कारण नाही, काही नाही. बराच वेळ पळत राहिलं आणि मग हळूहळू निवळलं. बुधवारी फोननंतर तेच. पुढच्या रविवारी तेच. कलम धरलं नाही बहुतेक, असं तिच्या मनाने घेतलं. भार्गवला सांगितलं असतं तर तो जहाज टाकून आला असता, आणि नोकरी अशी अर्ध्यावर टाकणाऱ्याचं पुढे काही खरं नसतं. म्हणून ती गप्प राहिली. त्याचे फोन हळूहळू आखडत चालले होते. बोलण्यात काहीतरी विचित्रपणा शिरला होता. घरी कोण आलंय का, फोन ठेवल्यावर काय करतेस, असं तो विचारायचा. भाकऱ्या करते, ती सांगायची. एवढंच, असं तो म्हणायचा. तिला ती काळजी वाटली. कुणी आपली इतकी विचारपूस करावी याचं तिला बरंच वाटलं.

तपासणीला गेली तेव्हा मात्र तिने डॉक्टरांना धीर करून सांगितलं. डॉक्टरांनी तिला यंत्राला जोडून खुर्चीत बसवलं, इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या आणि मधेच तिच्या मागे एक पत्र्याचा ट्रे फरशीवर आपटला. नूतन दचकून उठली. पडद्यावरची रेघ मात्र होती तशीच चालली होती.

"बघा," डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही घाबरलात, पण तुमच्या हृदयाला अजून पत्ता नाही."

त्या बोलत राहिल्या आणि चार-पाच मिनिटांनी नूतनची छाती धडधडू लागली. मेंदूची खबर हृदयाला दोन वाटांनी पोचते, डॉक्टरांनी सांगितलं. एक नसांची, ती तारेसारखी. इकडे बोट ठेवलं की तिकडे वाजतं. दुसरी रक्ताची. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या भावनेच्या भरात एक द्रव्य रक्तात सोडतात आणि ते वाहत वाहत हृदयाशी पोचतं. तुमची तार तुटलीय, टपाल चालू आहे, त्या म्हणाल्या. टपालाला वेळ लागतो, आणि आलेलं रक्तातून निवळायलाही वेळ लागतो. कलम उत्तम धरलंय, काळजी करू नका.

नूतन परतीच्या एसटीत एकटीच हसत होती. म्हणजे रविवारी आणि बुधवारी भाकऱ्यांपाशी जे होत होतं ते भार्गवचंच होतं. फक्त पोचायला उशीर होत होता. मला आता जिना चढायला पाच मिनिटं लागतात, असं त्याला सांगायचं आणि तो कसा हसेल ते ऐकायचं, असं तिने ठरवलं. रविवारपर्यंत तिने ते वाक्य मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं.

रविवारी भार्गव आधी बोलला. उत्तरेकडचा बर्फ वितळून जो नवा जलमार्ग खुला झालाय, त्यावर त्याला तीन वर्षांचा करार मिळत होता. सही करायची म्हणत होता. नूतनला क्षणभर कळेचना. आणि दाभोळचा कारखाना, तिने विचारलं.

"कोणासाठी येऊ मी, नूतन?"

"म्हणजे?"

"मी बोलत असतो तेव्हा तुझा ठोका दगडासारखा असतो. नव्वद, नव्वद, नव्वद. फोन ठेवलास की थोड्याच वेळात धावतो. दर वेळी. मी महिनोन् महिने बघतोय." तो थांबला. "माझ्यानंतर कोणाशी बोलतेस?"

तिच्या तोंडातलं ते घोळवलेलं वाक्य तिथेच मेलं. तिला कधी आला नव्हता इतका संताप आला, आणि छाती ढिम्म. तिला ते जाणवलं आणि त्यालाही.

"बघ," भार्गव म्हणाला. "एवढं बोललो, तरी हललीसुद्धा नाहीस."

तिने फोन ठेवला. दोन वाक्यांत सांगता आलं असतं, नसा तोडल्या आहेत, टपाल उशिरा येतं. पण जो माणूस हे विचारू शकतो त्याला आपण पुरावा द्यायचा, या विचारानेच तिचं तोंड कडू झालं. ती ओट्याशी उभी राहिली आणि वाट पाहत राहिली. आणि यायचं ते आलंच. राग इतका उसळून आला की ती ओट्याला धरून वाकली. तिकडे त्याच्या मनगटावर हेही वाजत असणार आणि यातही त्याला दुसराच कुणी दिसत असणार. तिने ठोका ओरबाडून काढला आणि मिसळणाच्या डब्यात टाकला. मग तिच्या डोळ्यांपुढे आलं की तिकडे आता काहीच वाजत नाहीय. ब्राझीलला त्याच्या मनगटावर टिचक्या थांबायला आल्या होत्या तेव्हाचा त्याचा आवाज तिला सुगंधाने नक्कल करून दाखवला होता. तिने डबा उघडला, हळद झटकली आणि ठोका परत बांधला. संशय घेतोय तर घेऊ दे, पण मी मेले असं त्याला वाटायला नको.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रत्नागिरीला गेली. तोडलेल्या नसा परत वाढवायचा प्रयोग केंद्रात सुरू झालाय हे तिने ऐकलं होतं. आहे, डॉक्टर म्हणाल्या. एका मऊ धाग्याच्या आधाराने नस हृदयापर्यंत नेतात, वेल मांडवावर चढवतात तशी. पण नवा स्नायू नसेचे हिसके सोसेल का, हे आधी सांगता येत नाही. ज्यांच्यावर केलं त्यांतले काही जण परत घरी गेले नाहीत.

"तुम्ही ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाल्या. "हे कशाला हवंय तुम्हाला?"

नूतनने सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच रडली. माझं हृदय वेळेवर यायला हवं, ती म्हणाली; जन्मभर यायचं तसं. तो बोलतोय तोवर यायला हवं.

डॉक्टरांनी लगेच फोन पुढे ओढला. मी बोलते त्यांच्याशी, त्या म्हणाल्या, पाच मिनिटांचं काम आहे. नूतनने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बावीस वर्षांच्या संसाराला डॉक्टरांचं सर्टिफिकेट नको मला."

"आणि जीव गेलेला चालेल?"

ती सोमवारी दाखल होते म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तिने रोपवाटिकेतून खाली पाहिलं तर फेरीबोटीतून भार्गव उतरत होता. येणार असल्याचं कळवलं नव्हतं. करारासाठी मुंबईला वैद्यकीय तपासणी होती, तिथून कागद न्यायला एका दिवसासाठी आला होता. हातात एकच पिशवी. वाळला होता, कानशिलावर पांढरं वाढलं होतं. चढावरून वर येणारी त्याची ती किंचित डावीकडे झुकलेली चाल बघताना नूतनला वाटलं, हा माणूस आपल्याला इतका हवा आहे की हे कुठल्याच पट्ट्यात मावणार नाही. आणि आत, नव्वद.

तो पायरीवर येऊन थांबला आणि तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. ठोका तसाच होता. घरी आलेला पुरुष आधी ठोका सोडतो आणि मग पायांवर पाणी घेतो, ही गावाची रीत. हा ठोका बांधून बायकोच्या दारात उभा होता.

सुगंधाने पाणी आणून दिलं आणि रंग ओळखून कलमांकडे निघून गेली. चहा उकळतोय तोवर भार्गव आतल्या खोलीत कागद शोधत होता; तेवढ्यात तिची छाती धावली आणि तो बाहेर येईपर्यंत शांत झाली. चहा झाला. कागद सापडले. प्रवास कसा झाला, पंपाची मोटर बदलली का, एवढं बोलून झालं. भार्गव अधूनमधून मनगटाकडे बघत होता आणि दर वेळी त्याचा चेहरा जरा उतरत होता. परतीची फेरी साडेचारची. तो उठायला लागला तेव्हा नूतन म्हणाली, "तो काढ."

"काय?"

"ठोका काढून ठेव. आणि काय विचारायचंय ते मला विचार. मनगटाला विचारू नकोस."

त्याने पट्टा सोडला आणि मेजावर ठेवला. त्याखालची कातडी पांढरी पडली होती.

"तुला माहीत नाही गो," तो म्हणाला, "तुझा आवाज मला आठवड्यातून दोनदा. बाकी सगळी तू म्हणजे एवढीच होतीस. रात्रपाळीत मशीनच्या आवाजात दुसरं काही ऐकू यायचं नाही, पण तू मनगटावर असायचीस. आणि मग एके दिवशी तू तिथे नव्हतीस."

तिला त्याची इतकी दया आली की सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण तिने ओठ मिटून घेतले. तो विचारेपर्यंत नाही.

"मी घरी यावं असं वाटतं तुला?" भार्गवने विचारलं. तिच्याकडे बघून विचारलं.

"हो," नूतन म्हणाली. "रोज वाटतं. दुसरं काही वाटतच नाही."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आयुष्यभर काट्यांवर आणि मापांवर चाललेला माणूस. इंजिन कितीही गोड आवाज करो, काटा काय म्हणतो ते आधी बघायचं ही त्याची शिस्त. त्याला तिचा शब्द धरावासा वाटत होता आणि धरता येत नव्हता, हे तिला स्पष्ट दिसत होतं. खालून फेरीबोटीचा भोंगा झाला. त्याने पिशवी उचलली, येतो म्हणाला, आणि उतरायला लागला. तो जातोय हे नूतनला कळायलाही थोडा वेळ लागला.

ती मागोमाग निघाली. मन धावत होतं, पण धावायची सोय नव्हती. दहा पावलं भरभर टाकली तर डोळ्यांपुढे काळोखी आली, कारण पायांनी वेग घेतला आणि हृदय मागेच राहिलं. ती काजूच्या झाडाला धरून थांबली, मग हळूहळू, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी उतरत राहिली. वळणावरून तिला धक्का दिसायचा, मग दिसेनासा व्हायचा. दुचाक्या चढल्या. माणसं चढली. भार्गवचा निळा शर्ट गर्दीत शिरला. हाक मारायला श्वास नव्हता. पुढच्या वळणावर ती आली तेव्हा फळी वर उचलली गेली होती आणि बोट खाडीत निघाली होती. ती रस्त्याकडेच्या, चिरे रचलेल्या बुटक्या गडग्यावर बसली. तीन वर्षं. उत्तरेचा बर्फ. सोमवारी टेबलावर झोपायचं ते आता कोणासाठी, हेही तिला समजेना.

आणि मग आलं. पोटातून वर चढत छातीत शिरलं आणि धावत सुटलं, कानात, गळ्यात, बोटांच्या टोकांत. इतकं ते लग्नाआधीही कधी धावलं नव्हतं. आणि त्याचा पट्टा वर घरात मेजावर पडला होता. हे कुणालाच कळणार नव्हतं. तिने पदरात तोंड खुपसलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

"इथे काय बसलीस?"

तिने वर पाहिलं. भार्गव समोर उभा होता. हातात पिशवी, मनगट रिकामं, त्यावर पांढरा चट्टा. मागे बोट खाडीच्या मध्यावर गेली होती.

"चढला नाहीस?" तिला नीट बोलताही येत नव्हतं.

"चढलो होतो. उतरलो." तो ओशाळल्यासारखा उभा राहिला. "मी विचारलं, तू हो म्हणालीस. मग आणखी काय शोधत होतो मी, देव जाणे."

तो शेजारी गडग्यावर बसला. नूतनने त्याचा हात ओढून घेतला आणि आपल्या गळ्याच्या कडेला, जिथे शीर उडत होती तिथे धरला. भार्गव दचकला. तिला दवाखान्यात न्यायला हवं असं वाटून तो उठायला लागला, तिने त्याला खाली बसवलं.

"काही झालेलं नाही. नसा तोडल्यात त्यांनी ऑपरेशनमध्ये," ती म्हणाली. "तेव्हापासून मला काही वाटलं की ते हृदयाला चार-पाच मिनिटांनी कळतं. दर वेळी. फोनवर तू असायचास, आणि ते पोचेपर्यंत तू ठेवून दिलेला असायचास."

भार्गवचा हात तिथेच होता. सगळे बुधवार आणि सगळे रविवार तो एकेक करून पुन्हा मोजत असावा, कारण त्याचा चेहरा हळूहळू मोडत गेला आणि त्याने मान खाली घातली. मग त्याने विचारलं,

"मग हे आत्ताचं?"

"हे तू निघून गेलास त्याचं आहे."

"आणि परत आलो त्याचं?"

"बस जरा," नूतन म्हणाली. "ते वाटेत आहे."